नागपुरात दिव्यांगांसाठी ज्युदो: पहिल्या चौकशीपासून पहिल्या स्पर्धेपर्यंत

घरात दृष्टिबाधित, कर्णबधिर किंवा बौद्धिक दिव्यांग मूल असेल आणि त्याला ज्युदोला घालावे असे मनात आले, की पहिला प्रश्न पडतो तो हा, की नागपुरात अशा मुलांचा वेगळा क्लब कुठे आहे. मीही हाच प्रश्न घेऊन फिरले. माझ्या मुलीला रेटिनायटिस पिगमेंटोझा आहे. तिला समोरचे थोडेसे दिसते, बाजूचे दिसत नाही आणि दिवे मंद झाले की जवळजवळ काहीच दिसत नाही. अनेकांना विचारून झाल्यावर मला जे उत्तर सापडले ते सुरुवातीलाच सांगते: वेगळ्या क्लबची वाट पाहू नका. चांगल्या मॅट असलेल्या आणि शिकवण्याची चिकाटी असलेल्या नेहमीच्या ज्युदो क्लबमध्येच प्रवेश घ्या. दृष्टिबाधितांच्या ज्युदोचे नियम नेहमीच्या ज्युदोपेक्षा एकाच मोठ्या बाबतीत वेगळे आहेत आणि ती बाब कोणताही जाणता प्रशिक्षक लगेच सरावात आणू शकतो. खरी अडचण येते ती डॉक्टरांची परवानगी, पडायला शिकण्याचे पहिले महिने आणि वर्गीकरणाचे कागद या तीन ठिकाणी, म्हणून त्यांवर मी अधिक सविस्तर लिहिले आहे.

१. आधी आपली वाट ओळखा

सर्व दिव्यांगांसाठी एकच स्पर्धा असते हा समज आधी दूर करावा लागतो. पॅरालिम्पिकमध्ये ज्युदो फक्त दृष्टिबाधितांसाठी आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकानची स्थापना केली आणि तिथून हा खेळ जगभर गेला. दृष्टिबाधित पुरुषांचा ज्युदो १९८८ च्या सोल पॅरालिम्पिकमध्ये आला आणि महिलांना मात्र २००४ च्या अथेन्सपर्यंत थांबावे लागले. या खेळाचा कारभार आयबीएसए, म्हणजे अंधांच्या क्रीडाप्रकारांची आंतरराष्ट्रीय संघटना, पाहते.

कर्णबधिरांसाठी डेफलिम्पिक्स ही स्वतंत्र स्पर्धा आहे आणि तिच्यात ज्युदो २००९ च्या तैपेई स्पर्धेपासून आहे. तिथे पात्र ठरण्यासाठी चांगल्या कानाची श्रवणहानी किमान ५५ डेसिबल असावी लागते आणि लढतीच्या वेळी श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांटचा (कानात बसवलेल्या श्रवण उपकरणाचा) बाहेरचा भाग काढून ठेवावा लागतो. आपल्याकडे या वाटेची चौकशी ऑल इंडिया स्पोर्ट्स कौन्सिल ऑफ द डेफ या संस्थेकडे करावी. बौद्धिक दिव्यांगांसाठी स्पेशल ऑलिम्पिक्सची रचना आहे. तिथे साधारण सारख्या क्षमतेचे खेळाडू एकमेकांसमोर आणले जातात आणि गरजेप्रमाणे लढत गुडघ्यावर बसूनही सुरू करता येते.

हातापायांच्या दिव्यांगत्वासाठी पॅरालिम्पिकमध्ये ज्युदोचा गट नाही. अशा मुलाने ज्युदो शिकू नये असा याचा अर्थ नव्हे. जमिनीवरचे डाव, तोल आणि बेल्टच्या परीक्षा या सगळ्यांत त्याला भरपूर काही मिळू शकते. मात्र पदकाचे स्वप्न दाखवून कोणी प्रवेश देत असेल, तर कोणत्या स्पर्धेचे पदक, असे स्पष्ट विचारा.

यापुढचा लेख मुख्यतः दृष्टिबाधितांच्या वाटेबद्दल आहे, कारण ती मी जवळून पाहिली आहे. क्लबची निवड आणि शिकवण्याची पद्धत यांविषयीचा भाग इतरांनाही उपयोगी पडेल.

२. डॉक्टरांना प्रश्न नीट विचारा

‘खेळायला हरकत नाही’ असे तोंडी ऐकून समाधान मानू नका. नेत्रतज्ज्ञांना नेमके सांगा की या खेळात दररोज पाठीवर आणि कुशीवर पडावे लागते, डोके काही वेळा खाली जाते, छातीवर वजन घेऊन प्रतिस्पर्धी दाबून धरतो आणि वरच्या पातळीवर गळा आवळण्याचे डावही असतात. हे कळल्यावरच डॉक्टर योग्य सल्ला देऊ शकतात. तीव्र मायोपियामुळे पडदा पातळ झालेला असेल, पडदा सरकण्याचा इतिहास असेल, काचबिंदूचा दाब आटोक्यात नसेल किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर ही चर्चा अधिकच गंभीरपणे करावी लागते. काही मुलांसाठी उत्तर ‘नको’ असेही येते आणि ते मानावे. उरलेली दृष्टी कोणत्याही पदकापेक्षा मोलाची आहे.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पालकांनी मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधील सैलपणाची तपासणी झाल्याशिवाय मुलाला मॅटवर उतरवू नये. फिट येण्याचा त्रास असेल तर मज्जाविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, आणि कॉक्लिअर इम्प्लांट झालेले असेल तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

परवानगी लेखी घ्या आणि तिच्यात काय चालेल, काय टाळायचे हे दोन्ही लिहून मागा. ती चिठ्ठी क्लबच्या प्रशिक्षकांना दाखवा आणि तिची एक प्रत त्यांच्याकडे ठेवा.

३. क्लब निवडताना काय पाहावे

चौकशीची सुरुवात मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलातून करणे सोपे पडते. कोणत्या भागात कोणाचा ज्युदो वर्ग चालतो, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारता येते. मूल अंध विद्यालयात किंवा मूकबधिर विद्यालयात शिकत असेल, तर तिथल्या क्रीडाशिक्षकांशी बोला. अनेकदा एकाच शाळेतील तीन-चार मुले मिळून क्लबमध्ये गेली की येण्याजाण्याचा प्रश्नही सुटतो आणि प्रशिक्षकांनाही त्यांच्याकडे वेगळे लक्ष देणे परवडते.

क्लबमध्ये पहिल्यांदा जाल तेव्हा मुलाला लगेच मॅटवर पाठवू नका. एक पूर्ण वर्ग बाजूला बसून पाहा. मॅट एकमेकींना घट्ट लागून आहेत का, की त्यांच्या फटीत पायाची बोटे अडकतात, हे आधी बघा. मॅटच्या कडेला लोखंडी खांब, बाक किंवा उघडी भिंत किती अंतरावर आहे ते बघा. डोळस मुलगा खांब पाहून थांबतो. आपले मूल थांबणार नाही. अंशतः दिसणाऱ्या मुलांसाठी लढतीची जागा आणि सुरक्षा पट्टा वेगवेगळ्या ठळक रंगांचे असले, तर फार मदत होते. हॉलमधला उजेड संध्याकाळी किती राहतो आणि दिवे गेले तर सराव थांबवतात की तसाच चालू ठेवतात, हे रातांधळेपणा असलेल्या मुलांच्या पालकांनी आवर्जून विचारावे. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारनंतरचा वर्ग असेल तर एप्रिलपासून जून मध्यापर्यंत सकाळची बॅच मागून घ्या. जाड सुती गी, म्हणजे ज्युदोचा गणवेश, अंगात घालून नागपूरच्या उन्हाळ्यात सराव करणे मोठ्यांनाही झेपत नाही.

आता प्रशिक्षकांविषयी. त्यांनी आधी दृष्टिबाधित मुलांना शिकवलेले असेलच असे नाही, आणि तशी अट घातली तर नागपुरात पर्याय फारसे उरणार नाहीत. त्यापेक्षा ते मुलाशी थेट बोलतात की सगळे प्रश्न तुम्हालाच विचारतात, हे पाहा. जे मुलाला नावाने हाक मारून ‘तुला किती दिसतं?’ असे साधेपणाने विचारतात, ते पुढे बहुधा चांगलेच शिकवतात. जे पहिल्याच भेटीत ‘बिचारी’ म्हणतात, ते तिला कोणावरही जोर लावू देत नाहीत आणि तिच्यावर कोणाला जोर लावू देत नाहीत. अशा क्लबमध्ये वर्ष गेले तरी मूल कोपऱ्यात उठाबशाच काढत राहते.

स्पर्शाचा विषय पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोला. हा खेळ अंगाला अंग भिडवून शिकण्याचा आहे आणि न दिसणाऱ्या मुलाला डाव हाताने दाखवावा लागतो. म्हणून नियम ठरवून घ्या: हात लावण्यापूर्वी नाव घेऊन सांगायचे, काय धरणार आहोत ते सांगायचे, आणि मुलाने ‘थांबा’ म्हटले की थांबायचे. मुलींच्या बाबतीत शक्यतो मुलगीच जोडीदार द्यावी आणि पालकांना हॉलमध्ये बसण्याची मुभा असावी. ही मुभा नाकारणारा क्लब निवडू नका.

४. पहिले काही महिने पडायलाच शिकू द्या

ज्युदोत पडण्याच्या कौशल्याला उकेमी म्हणतात. आपल्या क्लबांत त्याला सर्रास ब्रेकफॉल म्हणतात. पालकांचा धीर इथेच सुटतो, कारण महिना उलटला तरी मूल फक्त पडतेच आहे असे त्यांना दिसते. धीर धरा. दृष्टिबाधित मुलाच्या मनात पडण्याची जी भीती लहानपणापासून साचलेली असते, ती याच काळात कमी होते आणि पुढचा सगळा ज्युदो त्यावर उभा राहतो. रस्त्यावरच्या खड्ड्यात पाय गेला तरी हात पुढे न टेकता अंग गोल करून पडण्याची सवय रोजच्या जगण्यातही कामी येते.

शिकवण्याच्या ठरलेल्या सूचना इथे बदलाव्या लागतात. पाठीवर पडताना डोके मॅटवर आपटू नये म्हणून प्रशिक्षक मुलांना ‘बेल्टच्या गाठीकडे बघ’ असे सांगतात. न दिसणाऱ्या मुलाला या सूचनेचा काही उपयोग नाही. आमच्या क्लबच्या सरांनी घडी घातलेला रुमाल मुलीच्या हनुवटीखाली दिला आणि पडताना तो सुटता कामा नये एवढेच सांगितले. रुमाल जागेवर राहिला म्हणजे मान आत आहे. हात किती अंतरावर आपटायचा हेही बघून शिकता येत नाही, म्हणून त्यांनी तिचा हात धरून योग्य जागी ठेवला आणि मॅटवर तिथे कापडी पट्टी चिकटवली. तिच्या तळहाताला पट्टी लागली की हात बरोबर पडला. नंतर ती आवाजावरून ओळखू लागली: तळहात आणि कोपरापर्यंतचा हात एकदम पडला तर एकच भरीव आवाज येतो, आधी कोपर आणि मग पंजा पडला तर दोन तुटक आवाज येतात. ‘काहून घाबरते? आवाज ऐक, बस्,’ हे सरांचे वाक्य आता नव्या मुलांना तीच ऐकवते.

मागे पडणे, दोन्ही कुशींवर पडणे आणि पुढे कोलांटी घेऊन उठणे, हा क्रम बसून, मग उकिडवे बसून आणि शेवटी उभे राहून करावा. घाई करून पहिल्याच आठवड्यात उभ्याने पाडले, तर मूल मान ताठ करते आणि ती सवय मोडायला फार वेळ जातो.

पडणे जमू लागले की पकड शिकवली जाते. एक हात प्रतिस्पर्ध्याच्या बाहीवर, दुसरा कॉलरवर. या दोन ठिकाणांतून समोरच्याचे वजन कोणत्या पायावर आहे, तो पुढे येतो आहे की मागे सरकतो आहे, हे हातांना कळते. डोळस खेळाडूंनाही शेवटी हेच शिकावे लागते, फक्त ते नजरेवर विसंबून उशिरा शिकतात. प्रत्येक डाव दाखवताना प्रशिक्षकांनी आधी तो मुलावर सावकाश करून दाखवावा, मग मुलाचे हात स्वतःच्या कमरेवर आणि मांडीवर ठेवून वळण जाणवू द्यावे, आणि तिसऱ्यांदा मुलाला करू द्यावा. ‘असा पाय टाक’ या सूचनेतून काहीच कळत नाही. ‘तुझी उजवी टाच तिच्या उजव्या टाचेच्या मागे’ असे सांगितले की कळते. पंचवीस मुलांच्या वर्गात प्रत्येक वेळी एवढा वेळ मिळत नाही, म्हणून एखादा समजूतदार वरिष्ठ विद्यार्थी जोडीदार म्हणून ठरवून देण्याची विनंती करा. तुमची विनंती रास्त आहे आणि त्या विद्यार्थ्यालाही यातून शिकायला मिळते.

कर्णबधिर मुलांबाबत अडचण उलटी असते. ती पाहून पटकन शिकतात, पण ‘माते’ म्हणजे ‘थांबा’ ही हाक त्यांना ऐकू येत नाही. खांद्यावर ठरावीक प्रकारे थाप मारणे ही खूण सगळ्या वर्गाला शिकवावी. हार मानताना मॅटवर किंवा जोडीदाराच्या अंगावर दोनदा थापटण्याची ज्युदोतील रीत तर सगळ्यांनाच कळते, आणि ती पहिल्या दिवशीच शिकवावी.

५. साहित्य थोडेच लागते

सरावाची गी, बेल्ट, घरून मॅटपर्यंत येण्यासाठी चप्पल, पाण्याची बाटली आणि टॉवेल एवढे पुरते. सुरुवातीला पातळ विणीची गी घ्या. स्पर्धेची जाड गी महाग असते आणि वाढत्या वयात लवकर अपुरी पडते. कराटेचा गणवेश मात्र घेऊ नका, कारण ओढाताणीत त्याची शिवण टिकत नाही. गी धुतल्यावर आटते, त्यामुळे बाही मनगटापर्यंत येईल अशी किंचित मोठीच निवडा. मुलींनी आतून साधा पांढरा टी-शर्ट घालायचा असतो. नखे कापलेली असावीत, अंगावर धातूचे काही नसावे, आणि चष्मा मॅटबाहेर एकाच ठरलेल्या जागी ठेवावा, म्हणजे मुलाला तो स्वतः शोधता येतो.

६. दृष्टिबाधितांचे नियम क्लबमध्येच सरावात आणा

नेहमीच्या ज्युदोत दोन खेळाडू अंतरावर उभे राहतात आणि पंचांनी ‘हाजिमे’ म्हणजे ‘सुरू करा’ म्हटल्यावर पकडीसाठी झटापट सुरू होते. दृष्टिबाधितांच्या लढतीत पंच दोघांना मध्यभागी आणतात, दोघे एकमेकांची बाही आणि कॉलर धरतात, आणि त्यानंतरच ‘हाजिमे’ होते. पकड पूर्ण सुटली की पंच लढत थांबवतात आणि पुन्हा मध्यभागी पकडीपासून सुरुवात होते. मॅटवर खेळाडूला हाताला धरून आणले जाते आणि गुण दिला की तो पांढऱ्या गीच्या खेळाडूचा की निळ्या गीच्या, हे पंच मोठ्याने सांगतात. इप्पॉन (लढत संपवणारा पूर्ण गुण), वाझा-आरी (अर्धा गुण), जमिनीवर २० सेकंद दाबून धरल्यावर मिळणारा पूर्ण गुण, ४ मिनिटांची लढत, हे बाकी सारे बहुतांशी तेच.

म्हणून प्रशिक्षकांना एवढीच विनंती करा की तुमच्या मुलाच्या प्रत्येक सराव लढतीची सुरुवात पकडीपासून व्हावी. इतर मुलांचेही यात नुकसान नाही. पकड आधीच दिलेली असल्यामुळे पहिल्या सेकंदापासून डाव टाकावा लागतो आणि लढत अधिक दमवणारी होते, हे मात्र लक्षात ठेवा. केवळ डोळस मुलांबरोबर त्यांच्याच नियमांनी सराव केलेले मूल पहिल्या स्पर्धेत इथेच कमी पडते.

७. युडीआयडी कार्ड काढून घ्या

युडीआयडी म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, यालाच स्वावलंबन कार्डही म्हणतात. त्याच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरून रुग्णालय निवडावे लागते आणि वैद्यकीय मंडळासमोर तपासणी झाल्यावर प्रमाणपत्र व कार्ड मिळते. नागपूरकर सहसा मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत जातात. कार्डावरचा पांढरा पट्टा ४० टक्क्यांखालील, पिवळा ४० ते ८० टक्क्यांमधील आणि निळा ८० टक्क्यांपासून पुढच्या दिव्यांगत्वासाठी असतो. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि आधीचे सगळे वैद्यकीय कागद सोबत न्या. नाव आणि जन्मतारीख आधार, जन्मदाखला आणि शाळेच्या दाखल्यावर एकसारखी आहे का हे आधीच तपासा, कारण ‘बाई’, ‘कुमारी’ किंवा वडिलांच्या नावाचे एखादे अक्षर वेगळे असले तरी पुढे नोंदणीत अडते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील कलम ३० खेळांविषयी आहे. दिव्यांगांना खेळांत सहभागी होता यावे यासाठी शासनाने उपाय करावेत असे त्यात म्हटले आहे. क्रीडा संकुलात सुविधा मागताना या कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

८. प्रमाणपत्राची टक्केवारी आणि खेळाचा वर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

सगळ्यात जास्त कुटुंबांचा हिरमोड इथे होतो, म्हणून हा भाग सावकाश वाचा. युडीआयडी कार्डावर ४० टक्के लिहिलेले असले म्हणजे मूल आंतरराष्ट्रीय स्पर्धेला पात्र झाले असे नाही. आयबीएसएचे वर्गीकरण टक्केवारी पाहतच नाही. २०२२ पासून ज्युदोत दोन वर्ग आहेत. जे १ मध्ये पूर्ण अंध किंवा जवळजवळ काहीच न दिसणारे खेळाडू येतात. त्यांच्या गीच्या बाह्यांवर लाल वर्तुळ असते. जे २ मध्ये अंशतः दिसणारे येतात, आणि त्यासाठी दृष्टीची तीक्ष्णता लॉगमार (तक्ता वाचून मोजलेल्या दृष्टीचे माप) १.३ किंवा त्याहून वाईट, अथवा दोन्ही डोळ्यांचे मिळून दृष्टिक्षेत्र ६० अंश व्यासाचे किंवा त्याहून कमी असावे लागते. तपासणी दोन्ही डोळे उघडे ठेवून आणि चष्मा लागत असेल तर तो लावून होते.

लॉगमार १.३ म्हणजे आपल्या डॉक्टरांच्या भाषेत ३/६०. पूर्वीच्या बी ३ गटात ६/६० दृष्टीचे खेळाडूही बसत असत. आता केवळ तीक्ष्णतेच्या निकषावर ते बसत नाहीत. दोन्ही डोळ्यांची दृष्टी ६/६० असलेल्या मुलाला भारतात ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळू शकते, सवलती मिळू शकतात आणि तरीही जे २ चे दार त्याच्यासाठी बंद असू शकते. हे मुलाला दहा वर्षांच्या सरावानंतर कळण्यापेक्षा सुरुवातीलाच कळलेले बरे. पात्र न ठरणारे मूल डोळस मुलांच्या जिल्हा स्पर्धेत खेळू शकते, बेल्टच्या परीक्षा देऊ शकते, आणि काही मुले तिथे उत्तम खेळतातही.

उलटही घडते. माझ्या मुलीला तक्त्यावरची अक्षरे बऱ्यापैकी वाचता येतात, पण तिचे दृष्टिक्षेत्र अरुंद आहे. एका रुग्णालयाने दिलेल्या अहवालात फक्त तक्ता वाचून आलेला आकडा होता आणि त्या आकड्यावर ती कोणत्याच वर्गात बसत नव्हती. दृष्टिक्षेत्राचा आलेख जोडा म्हणून आम्हाला पुन्हा रांगेत उभे राहावे लागले. रेटिनायटिस पिगमेंटोझा किंवा काचबिंदू असेल तर पेरिमेट्रीचा, म्हणजे दृष्टिक्षेत्र मोजण्याच्या तपासणीचा, छापील आलेख मागितल्याशिवाय दवाखान्यातून बाहेर पडू नका.

आंतरराष्ट्रीय वर्गीकरणासाठी आयबीएसएचा वैद्यकीय नमुना नेत्रतज्ज्ञांकडून इंग्रजीत भरून घ्यावा लागतो आणि त्याला जोडलेले अहवाल १२ महिन्यांपेक्षा जुने चालत नाहीत. डोळा वरून निरोगी दिसत असेल आणि दोष पडद्यात किंवा नसेत असेल, तर ओसीटी, ईआरजी किंवा व्हीईपीसारख्या तपासण्यांचे पुरावे मागितले जातात. वर्गीकरणानंतर ‘पुनर्तपासणी’ असा शेरा मिळाला तर घाबरू नका. दृष्टी बदलत जाणाऱ्या आजारांत तो नेहमीचा आहे. मुलाला मात्र एक गोष्ट समजावून सांगा: तपासणीत जे दिसते ते दिसते म्हणायचे. कमी दिसल्याचे नाटक करणे हा गंभीर गुन्हा मानला जातो आणि त्यासाठी दीर्घ बंदी येऊ शकते.

९. औषधांची यादी तपासा

काचबिंदूसाठी गोळीच्या रूपात दिले जाणारे अ‍ॅसेटाझोलामाइड, जे दुकानात बहुधा डायमॉक्स या नावाने मिळते, उत्तेजकविरोधी यादीत लघवी वाढवणाऱ्या औषधांत मोडते आणि त्यावर कायम बंदी आहे. डॉर्झोलामाइड किंवा ब्रिन्झोलामाइड या डोळ्यांत घालायच्या थेंबांना मात्र परवानगी आहे. उपचार थांबवणे हा यावरचा उपाय नाही. औषध आवश्यकच असेल तर नाडा या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज, डॉक्टरांच्या कागदांसह, स्पर्धेच्या पुष्कळ आधी करावा. सर्दीची गोळी, जिममध्ये मिळणारी पावडर आणि वजन उतरवण्याचे काढेही प्रशिक्षकांना दाखवल्याशिवाय घेऊ नयेत.

१०. स्पर्धेकडे जाताना

पॅरिस २०२४ मध्ये प्रत्येक वर्गात पुरुषांसाठी ६०, ७३, ९० किलोपर्यंतचे आणि ९० किलोवरील, तर महिलांसाठी ४८, ५७, ७० किलोपर्यंतचे आणि ७० किलोवरील असे वजनगट होते. लहान वयोगटांची विभागणी वेगळी असते, ती त्या त्या स्पर्धेच्या परिपत्रकात पाहावी. गट गाठण्यासाठी वाढत्या वयातील मुलाला उपाशी ठेवू नका किंवा पाणी तोडू नका. ते ज्या वजनाचे आहे त्या गटात खेळू द्या.

भारतात अंध आणि पॅरा ज्युदोच्या राष्ट्रीय स्पर्धा लखनौ येथील इंडियन ब्लाइंड अँड पॅरा ज्युदो असोसिएशन घेते. याच वाटेने कपिल परमार पुढे आला. तो मध्य प्रदेशातील सीहोरचा, म्हणजे आपल्या शेजारचाच. लहानपणी विजेच्या धक्क्याने त्याची दृष्टी गेली. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्याने जे १ वर्गात ६० किलो गटात कांस्यपदक जिंकले आणि ज्युदोतील भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक पदक ठरले. त्याच राज्यात दृष्टिबाधित मुलींना स्वसंरक्षणासाठी ज्युदो शिकवण्याचे काम गावपातळीवर झाले आणि त्यातून राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडू तयार झाल्या. विदर्भात असे काम उभे राहण्यासारखी परिस्थिती नक्की आहे. त्यासाठी क्लब आणि विशेष शाळा यांनी एकमेकांची दारे ठोठवायला हवीत.

एका सापळ्यापासून सावध राहा. ‘राष्ट्रीय’, ‘आंतरराष्ट्रीय’, ‘फेडरेशन कप’ अशा नावांच्या स्पर्धा भरमसाट प्रवेशशुल्क घेऊन भरवल्या जातात आणि त्यांची प्रमाणपत्रे पुढे कुठेच चालत नाहीत. पैसे भरण्यापूर्वी आयोजक कोणाशी संलग्न आहेत ते लेखी विचारा, आयबीएसएच्या संकेतस्थळावर भारतातील सदस्य संस्था पाहा, आणि क्रीडा गुण किंवा नोकरीतील खेळाडू आरक्षणासाठी हे प्रमाणपत्र ग्राह्य आहे का, हे मानकापूरच्या क्रीडा कार्यालयातूनच खात्री करून घ्या. आयोजकांच्या तोंडी हमीवर जाऊ नका.

स्पर्धेला निघताना एका फाइलमध्ये हे कागद मूळ आणि झेरॉक्स अशा दोन्ही स्वरूपांत ठेवा:

- युडीआयडी कार्ड आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्र
- आधार कार्ड, जन्मदाखला, शाळेचे बोनाफाइड
- नेत्रतज्ज्ञांचा ताजा अहवाल, दृष्टिक्षेत्राच्या आलेखासह
- ज्युदो खेळण्यास योग्य असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र
- बेल्टच्या परीक्षेचे कार्ड आणि क्लबचे पत्र
- चालू औषधांची चिठ्ठी
- अल्पवयीन असल्यास पालकांचे संमतीपत्र
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- परदेशी स्पर्धेची शक्यता असल्यास पासपोर्ट, जो निवड होण्याची वाट न पाहता आधीच काढून ठेवावा

लखनौसाठी नागपूरहून राप्तीसागर एक्स्प्रेससारख्या थेट गाड्या आहेत. पूर्ण दृष्टिहीन प्रवाशाला आणि त्याच्या सोबत्याला रेल्वे स्लीपर आणि थ्री-टायर एसीमध्ये ७५ टक्के सवलत देते, परंतु अंशतः दिसणाऱ्यांना ती मिळत नाही, हे तिकीट काढण्यापूर्वी लक्षात घ्या. सवलतीसाठी रेल्वेचे स्वतंत्र दिव्यांग ओळखपत्र लागते. नागपुरात मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे अशी दोन विभागीय कार्यालये असल्यामुळे अर्ज कोणत्या विभागाकडे जातो आहे ते नीट निवडा, नाहीतर तो या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत राहतो.

पोहोचल्यावर वजन तपासणीच्या आदल्या दिवशी मुलाला रिकाम्या हॉलमध्ये घेऊन जा. मॅटच्या कडेपासून मध्यापर्यंत किती पावले आहेत, कडेचा पट्टा पायाला कसा लागतो, स्वच्छतागृह आणि पाण्याची जागा कोणत्या बाजूला आहे, हे त्याला स्वतः चालून पाहू द्या. आयोजकांना विनंती केली तर ते सहसा नाही म्हणत नाहीत. नाव पुकारले जाईल तेव्हा गोंगाट फार असतो, म्हणून एक मोठी व्यक्ती सतत त्याच्याजवळ थांबेल अशी व्यवस्था करा आणि ती व्यक्ती शक्यतो प्रशिक्षकच असावी, कारण मॅटपर्यंत हाताला धरून नेण्याचे काम त्यांनाच करायचे असते.